रिकामी कणगी आणि नसलेली कणगी

श्रोतेहो, समजा तुमच्या घरी एक कणगी आहे आणि मी तुम्हांला विचारले, "कणगीत ज्वारी किती?" तुम्ही आत डोकावाल, तळ दिसेल आणि तुम्ही सांगाल, "काही नाही, रिकामी आहे." झाले, माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले. शून्य हेही उत्तरच आहे. पण समजा, तुमच्या घरी कणगीच नाही आणि मी तोच प्रश्न केला. आता तुम्ही काय म्हणाल? "अहो मास्तर, कणगीच नाही तर डोकावू कशात?" येथे प्रश्नाला उत्तर नाही, येथे प्रश्नच अडून बसतो.

हे दोन 'नाही' दिसावयास सारखे, पण जातीने अगदी निराळे. शिक्षकबंधुभगिनींना हा भेद नवा नाही. गुणपत्रकावर एका मुलापुढे आपण ० लिहितो आणि दुसऱ्यापुढे 'गैरहजर' लिहितो. पहिला परीक्षेला बसला आणि त्याला काही आले नाही. दुसरा बसलाच नाही. दुसऱ्याला शून्य देऊन वर्गाची सरासरी काढणारा शिक्षक आपण कच्चा समजतो, नाही का?

आज मला बोलावयाचे आहे ते संगणकाच्या एका तक्रारीविषयी. पण तिचे मूळ या कणगीतच आहे. अलीकडे खेड्यापाड्यांतील कितीतरी शिक्षक आणि शिकलेली मुले आपापल्या कामापुरते छोटे प्रोग्राम लिहू लागली आहेत. कोणी हजेरीचा लिहितो, कोणी ग्रंथालयाच्या पुस्तकांचा, कोणी दूधसंकलनाचा. प्रोग्राम कोणताही असो, त्यात एक काम हटकून येते: कोठेतरी साठवलेली नावे वाचावयाची आणि पडद्यावरच्या एका चौकटीत एकाखाली एक मांडावयाची. या चौकटीला लिस्टबॉक्स म्हणतात. काम वाटते अगदी किरकोळ. पण नवशिक्याचा पाय नेमका येथेच घसरतो. बटन दाबले की यादी दिसण्याऐवजी पडद्यावर एक वाक्य उमटते: 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टु ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट.' सी शार्प या भाषेत काम करणाऱ्याला हे वाक्य शेजाऱ्याच्या आवाजाइतके ओळखीचे असते. सरळ मराठीत त्याचा अर्थ असा: "तुम्ही मला ज्या वस्तूकडे जावयास सांगितले, ती वस्तू तेथे नाही." म्हणजे कणगीच नाही, डोकावू कशात!

आता हे घडते कसे, ते पाहू. प्रोग्राममध्ये आपण एखादे नाव ठेवतो, समजा 'विद्यार्थी'. आपल्याला वाटते, या नावात विद्यार्थ्याची सारी माहिती भरलेली आहे. तसे नसते. ते नाव म्हणजे एक चिठ्ठी असते. माहिती संगणकाच्या स्मृतीत दुसरीकडे कोठेतरी असते आणि चिठ्ठीवर तिचा ठावठिकाणा असतो. या चिठ्ठीलाच रेफरन्स म्हणावयाचे. चिठ्ठी तयार केली म्हणजे वस्तू तयार झाली असे नव्हे. वस्तू तयार व्हावयास 'न्यू' हा शब्द वापरून ती घडवावी लागते. चिठ्ठी आहे पण तिच्यावर ठिकाणाच लिहिलेला नाही, अशा कोऱ्या चिठ्ठीला 'नल' म्हणतात. कोरी चिठ्ठी खिशात बाळगणे हा काही गुन्हा नाही. ती घेऊन पोस्टमन पत्र टाकावयास निघाला, की मात्र घोटाळा होतो.

आता यादी भरणारी ओळ पाहा. तिचा भावार्थ असा असतो: 'विद्यार्थ्याच्या पालकाचे नाव लिस्टबॉक्सच्या यादीत घाल.' संगणकाच्या भाषेत यातल्या प्रत्येक 'च्या'साठी आणि 'चे'साठी एक टिंब येते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे: टिंब म्हणजे संगणकाची षष्ठी विभक्ती! आणि नियम असा, की टिंबाच्या डावीकडे जे आहे ते अस्तित्वात असलेच पाहिजे. 'विद्यार्थ्याच्या पालकाचे नाव' म्हणताना विद्यार्थी हवा आणि त्याचा पालकही हवा. शेवटचे नाव कोरे निघाले तर ही तक्रार येत नाही. तसे कोरे नाव एकटेच लिस्टबॉक्समध्ये घालू गेलात, तर 'व्हॅल्यू कॅनॉट बी नल' अशी वेगळ्या शब्दांची तक्रार येते. म्हणून तक्रारीचे शब्द नीट वाचावेत. दोन्हींत 'नल' आहे म्हणून दुखणे एकच, असे धरून चालू नये.

यादी भरताना कोरी चिठ्ठी सापडण्याच्या जागा बहुधा चार.

पहिली जागा म्हणजे खुद्द लिस्टबॉक्स. विंडोजच्या प्रोग्राममध्ये खिडकीवरची बटने, चौकटी वगैरे सारे सामान 'इनिशिअलाइझ कंपोनंट' नावाच्या भागात घडते. खिडकी उभी राहताना हा भाग चालतो. आपण उतावळेपणाने त्याच्या आधीच यादी भरावयास घेतली, तर चौकट अजून घडलेलीच नसते. कणगी विणून होण्याआधी ज्वारी ओतल्यासारखे झाले हे! उपाय सोपा: भरण्याचे काम त्या भागाच्या नंतर ठेवावे.

दुसरी जागा म्हणजे ज्या समूहातून नावे घ्यावयाची तो समूह. 'विद्यार्थ्यांची यादी' असे नाव जाहीर केले, पण 'न्यू' म्हणून ती घडवावयाचे राहून गेले. मग तिच्यातून पहिला विद्यार्थी मागितला, की गाडी अडली.

तिसरी जागा फसवी आहे. तुम्ही ४० विद्यार्थ्यांसाठी ४० घरांची रांग घडवली. 'न्यू'सुद्धा लिहिलेत. तरी तक्रार येते. का? कारण तुम्ही घडवल्या त्या ४० खुंट्या. त्यांवर टांगावयाच्या ४० पिशव्या नव्हेत. रांग आहे, पण रांगेतले प्रत्येक घर अजून कोरे आहे. प्रत्येक घरासाठी एकेक विद्यार्थी वेगळा घडवावा लागतो. नव्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर त्याची सबंध दुपार फुकट जाते.

चौथी जागा म्हणजे माहिती स्वतः. ३९ मुलांची नोंद पूर्ण आहे आणि एकाच्या पालकाची जागा मोकळी आहे. शोधावयास गेलेले नाव सापडले नाही, तरीही कित्येकदा हाती कोरी चिठ्ठीच येते. येथे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे हात चुकलेले नसतात. जग जसे आहे तसे त्याच्यापुढे आलेले असते. आणि याच जागेने एकदा माझी फजिती केली. फजिती हा शब्दही तिला हलकाच पडेल.

मी गणिताचा अध्यापक. प्रोग्राम लिहिणे हा माझा जोडछंद. माझा एक जुना विद्यार्थी एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. शिष्यवृत्तीसाठी मुलांची यादी करून द्यावयाची होती. तो म्हणाला, "सर, हजेरीपटाची फाइल तयार आहे. नाव आणि पालकाचे नाव पडद्यावर दिसेल आणि तेच छापता येईल, असे काहीतरी करून द्या." मी एका संध्याकाळी प्रोग्राम लिहिला. तो चालवताना ती ओळखीची तक्रार आली. उशीर झाला होता, मला दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जावयाचे होते. मी काय केले, ठाऊक आहे? सी शार्पमध्ये 'ट्राय' आणि 'कॅच' अशी सोय आहे. काम करून पाहा आणि बिघडले तर ते झेलून काय करावयाचे ते सांगा, असा तिचा हेतू. मी यादी भरणारा सारा भाग 'ट्राय'मध्ये घातला आणि 'कॅच' रिकामा सोडला. म्हणजे 'बिघडले तर गप्प बस' असे संगणकाला बजावले. तक्रार नाहीशी झाली. मी प्रोग्राम पाठवून दिला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, वर्गात ४० मुले आहेत, यादीत १६ च दिसतात." मला उमगले, १७ व्या नावाशी काहीतरी अडते आहे आणि तेथून पुढचे सारेच वगळले जात आहे. तरीसुद्धा मी दुसरी चूक केली. मी तोच रिकामा 'कॅच' फेऱ्याच्या बाहेरून काढून आत नेला, म्हणजे एक नाव अडले तरी पुढची यावीत. आता यादीत ३९ नावे आली. पडदा भरगच्च दिसू लागला. तक्रार नाही, अडथळा नाही, सारे कसे गुळगुळीत!

तो शिक्षक माझ्याहून शहाणा. त्याने छापलेला कागद घेतला, हजेरीपट शेजारी ठेवला आणि बोट ठेवून एकेक नाव ताडून पाहिले. यादीत नसलेले नाव एका मुलीचे होते. तिचे आईवडील दोघेही वारलेले आणि ती आजीजवळ राहते. फाइलमध्ये पालकाची जागा कोणी भरलीच नव्हती. वर्गात शिष्यवृत्तीची गरज जिला सर्वांत अधिक, तिचेच नाव माझ्या प्रोग्रामने गिळले होते आणि गिळताना आवाजही केला नव्हता. अर्ज पाठवावयास अजून दोन दिवस होते म्हणून निभावले.

त्या दिवसापासून मी मुलांना सांगत आलो आहे की, तक्रार करणारा प्रोग्राम हा प्रामाणिक गडी आहे. तो ओरडून सांगतो, "मालक, येथे काहीतरी चुकते आहे." त्याच्या तोंडाला फडके बांधणे हा उपाय नव्हे.

मग उपाय कोणता? पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचले नाही, तर शेतकरी काय करतो? तो वाफ्याकडे बघत बसत नाही. पाटाच्या काठाने उलटा वर चालत जातो आणि फुटले कोठे ते पाहतो. प्रोग्राममध्येही हेच करावयाचे. पाणी थांबले ती जागा एक आणि बांध फुटला ती जागा दुसरी, हे सूत्र पक्के ध्यानात ठेवा.

पहिले पाऊल म्हणजे तक्रार पुरती वाचणे. वाक्याखाली काही ओळी असतात. घाबरून बहुतेक जण त्या वाचीत नाहीत. सर्वांत वरची ओळ सांगते, काम कोठे अडले; तिच्या खालच्या ओळी सांगतात, हे काम कोणी कोणाला सांगितले होते. अनेकदा तेथे फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. वरच्या काही ओळी परक्या असतील, तर आपण स्वतः लिहिलेली पहिली ओळ शोधावी.

दुसरे पाऊल म्हणजे त्या ओळीतली टिंबे मोजणे. प्रत्येक टिंबाच्या डावीकडे कोण आहे? लिस्टबॉक्स, विद्यार्थी, पालक: हे झाले संशयित. लांबलचक ओळ असेल तर ती तोडून तिच्या तीन ओळी कराव्यात. आधी विद्यार्थी घ्या, मग त्याचा पालक घ्या, मग पालकाचे नाव. आता तक्रार ज्या ओळीवर येईल, तेथील चिठ्ठी कोरी.

तिसरे पाऊल म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावणे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये त्या ओळीवर जाऊन एफ ९ ही कळ दाबा. समासात तांबडा ठिपका उमटेल. याला ब्रेकपॉइंट म्हणतात. मग एफ ५ दाबून प्रोग्राम चालवा. ठिपक्यापाशी येऊन तो थांबेल आणि तुमच्या हुकमाची वाट पाहील. आता माऊसचा बाण एकेका नावावर नेला, की त्या घटकेला त्यात काय आहे ते दिसते. जेथे 'नल' दिसेल तो आपला चोर. एफ १० दाबत एकेक ओळ पुढे सरकता येते. ४० मुलांपैकी १७ व्या मुलापाशीच थांबावयाचे असेल, तर ठिपक्याला अट घालता येते: पालक नल असेल तेव्हाच थांब. २०१७ च्या आवृत्तीपासून व्हिज्युअल स्टुडिओ पुष्कळदा स्वतःच सांगतो की, अमुक नाव नल होते. पण कोणते नाव कोरे आहे एवढेच तो सांगेल. का कोरे राहिले, ते आपणच शोधावयाचे.

तेच चौथे पाऊल: पाटाच्या काठाने वर जाणे. पालक कोरा आहे ना? मग तो कोणी भरावयाचा होता? फाइल वाचणाऱ्या भागाने. त्याने का भरला नाही? फाइलमध्ये जागा मोकळी होती म्हणून. ती का मोकळी होती? कारण त्या मुलीला आईवडील नाहीत. असे तीन वेळा 'का' विचारले, की संगणक मागे राहतो आणि आपण गावात येऊन पोहोचतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो: ही जागा कोरी असणे न्याय्य आहे काय? लिस्टबॉक्स कोरा असणे कधीच न्याय्य नाही. तो दोष माझा आणि तो मी मुळाशी दुरुस्त केला पाहिजे. पण पालकाची नोंद नसणे ही जगातली खरी गोष्ट आहे. मग तिला प्रोग्राममध्ये मान मिळाला पाहिजे. सी शार्पमध्ये २०१५ साली टिंबाच्या आधी प्रश्नचिन्ह लिहिण्याची सोय आली. 'पालक असला तरच त्याचे नाव विचार' असा तिचा अर्थ. पण नुसते प्रश्नचिन्ह टाकून थांबलात, तर यादीत मोकळी जागा दिसेल आणि वाचणाऱ्याला काही कळणार नाही. म्हणून त्यापुढे दोन प्रश्नचिन्हे जोडून लिहावीत आणि नसल्यास काय दाखवावयाचे ते स्पष्ट सांगावे: 'पालकाची नोंद नाही.' आता मुलीचे नाव यादीत येते, मोकळी जागा डोळ्यांना दिसते आणि शिक्षक पेन घेऊन तेथे आजीचे नाव लिहू शकतो. शेवटी यादीची मोजदाद करावयाची. हजेरीपटात ४०, तर लिस्टबॉक्समध्येही ४०. जमले नाही तर प्रोग्रामने मोठ्याने सांगावे.

तुम्ही विचाराल, ही कोरी चिठ्ठी मुळात आणली कोणी? तिचीही गोष्ट आहे. टोनी होर हे इंग्लंडमधील थोर संगणकशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३४ साली कोलंबो येथे झाला. नावे क्रमाने लावण्याची 'क्विकसॉर्ट' ही प्रसिद्ध रीत त्यांचीच. १९६५ साली 'अल्गोल डब्ल्यू' या भाषेची रचना करताना त्यांनी नल रेफरन्स आणला. पुढे २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनी उघडपणे कबूल केले की, ती आपली अब्ज डॉलरांची चूक होती. करावयास इतकी सोपी होती की मोह आवरला नाही. एवढा मोठा माणूस, संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक १९८० साली मिळालेला, पण आपली चूक सांगताना त्याला कमीपणा वाटला नाही. माझ्यासारख्या मास्तराने तर आपला रिकामा 'कॅच' लपवण्यात काहीच अर्थ नाही.

आता भाषाही शहाण्या होत आहेत. कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांत जी चिठ्ठी कोरी असू शकते, तिच्यावर तशी खूण लिहून घेतात. सी शार्पनेही २०१९ साली ही सोय आणली. जेथे खूण नाही तेथे कोरी चिठ्ठी जाण्याचा संभव दिसला, की प्रोग्राम चालवण्याआधीच इशारा मिळतो. पण इशारा वाचणारा माणूस हवा. रेल्वेच्या फाटकावर लाल दिवा लागला तरी थांबावयाचे ते आपणच.

शिक्षकहो, मुलांना हे शिकवताना संगणक नसला तरी अडत नाही. वर्गात काड्यापेटीच्या दोन रिकाम्या पेट्या घ्या. एक मुलाच्या हाती द्या आणि विचारा, "आत किती काड्या?" तो म्हणेल, "एकही नाही." मग दुसरी पेटी खिशात घाला, मोकळ्या तळहाताकडे बोट दाखवा आणि पुन्हा विचारा. वर्ग हसेल. त्या हसण्यात मुलांना नल समजलेला असेल.

आणि तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहीत असाल, तर एवढे करा. ज्या ओळीवर गाडी अडेल तिच्यावर रागावू नका आणि तिचे तोंड बंद करू नका. तिच्यातली टिंबे मोजा, डावीकडचे नाव पाहा आणि पाटाच्या काठाने वर चालू लागा. वर कोठेतरी तुमची विसरलेली एखादी ओळ असेल, किंवा आजीजवळ राहणारी एखादी मुलगी असेल. ओळ विसरली असेल तर ती लिहा. मुलगी असेल, तर तिचे नाव यादीत आले की नाही, हे कागदावर बोट ठेवून पाहा.